वाचकांचे प्रश्न : मॉडेल रेल्वेवरील बिनतारी कॅमेरा

मॉडेल रेल्वेच्या गाडीवर छोटा बिनतारी कॅमेरा बसवून आपलीच मांडणी चालकाच्या नजरेने पाहण्याविषयी या सदराकडे गेल्या काही महिन्यांत बरीच पत्रे आली. त्यांतील निवडक प्रश्नांची उत्तरे या अंकात एकत्र देत आहे. पत्रे वाचताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा जाणवली, ती ही की तक्रार कॅमेऱ्याची असते आणि दोष बहुतेक वेळा कॅमेऱ्याबाहेर, म्हणजे वीजपुरवठ्यात, चाकांत, रुळांत किंवा उजेडात सापडतो. त्यामुळे कोणता नमुना घ्यावा यापेक्षा या बाबींवरच पुढे अधिक लिहिले आहे.

प्रश्न : माझी मांडणी एचओ, म्हणजे १:८७ प्रमाणातली आहे. वाय-फायवर चालणारा कॅमेरा घ्यावा, ड्रोनवर वापरतात तसा ५.८ गिगाहर्ट्‌झचा घ्यावा, की आतल्या कार्डावर चित्रण साठवणारा घ्यावा, हे जाहिराती वाचून ठरत नाही. मार्गदर्शन करावे.

उत्तर : पडद्यावरचे चित्र पाहत गाडी चालवायची आहे, की गाडी फिरवून आणल्यावर चित्रण निवांत पाहायचे आहे, हे आपण आधी ठरवावे. दुसरा हेतू असेल तर बिनतारी प्रक्षेपणाच्या वाटेला जाण्याचे कारणच नाही. कार्डावर साठवणाऱ्या कॅमेऱ्याचे चित्र अधिक स्वच्छ येते, त्यात मध्येच पट्टे उमटत नाहीत आणि बोगद्यात ते नाहीसेही होत नाही.

चित्र पाहून गाडी चालवायची असेल, तर मात्र विलंबाचा विचार करावा लागतो. वाय-फाय कॅमेरा प्रत्येक चित्राचे आकड्यांत रूपांतर करतो, ते दाबून लहान करतो, तुकड्यांनी पाठवतो आणि फोन ते पुन्हा उलगडतो. या साऱ्या उपद्व्यापात पाव सेकंदापासून कधी कधी पूर्ण सेकंदापर्यंत वेळ जातो. ताशी ६० किलोमीटर हा वेग एचओ प्रमाणात सेकंदाला सुमारे १९ सेंटिमीटर होतो, म्हणजे अर्ध्या सेकंदाच्या विलंबात गाडी जवळजवळ १० सेंटिमीटर पुढे गेलेली असते. सिग्नल आपल्याला दिसतो तेव्हा इंजिन तो ओलांडून गेलेले असते. ५.८ गिगाहर्ट्‌झचा अ‍ॅनालॉग कॅमेरा चित्र जसेच्या तसे हवेत सोडतो, त्यामुळे विलंब जाणवत नाही. त्याचे चित्र जुन्या दूरचित्रवाणीसारखे थोडे मऊ असते आणि संदेश क्षीण झाला की त्यात मुंग्या दिसू लागतात. मला स्वतःला हे चालते, कारण मुंग्या वाढू लागल्या की संदेश तुटण्याच्या बेतात आहे हे आधी कळते. वाय-फायचे चित्र मात्र कसलीही सूचना न देता गोठते आणि गाडी पुढे चालतच राहते.

जुने २.४ गिगाहर्ट्‌झचे अ‍ॅनालॉग कॅमेरे अजूनही मिळतात, पण त्याच लहरींवर घरातले वाय-फाय, ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्ह भट्टीही चालते. बिनतारी हातनियंत्रकाने गाडी चालवत असाल तर तोही बहुधा तिथेच असतो. १.२ गिगाहर्ट्‌झच्या संचांपासून दूरच राहावे. उपग्रह दिशादर्शनाची १२२७.६ मेगाहर्ट्‌झ ही वारंवारता त्याच पट्ट्यात येते. कोणत्या पट्ट्यात किती शक्तीचे प्रक्षेपण परवान्याशिवाय करता येते, याचे नियम देशोदेशी वेगळे आहेत, ते पाहूनच खरेदी करावी. एका खोलीतल्या मांडणीला २५ मिलिवॅट पुरून उरतात. अ‍ॅनालॉग संच घेताना कॅमेरा आणि पडदा दोन्ही पाल किंवा दोन्ही एनटीएससी या दूरचित्रवाणी पद्धतीचे आहेत ना, हेही पाहावे.

प्रश्न : माझी गाडी साध्या डीसी नियंत्रकावर चालते. कॅमेऱ्याला रुळांतूनच वीज दिली आहे. गाडी वेगात असताना चित्र उत्तम दिसते, पण स्थानकात शिरताना पडदा काळा होतो. शिवाय माझ्या एका मित्राने डीसीसी (रुळांतूनच इंजिनाला अंकी आज्ञा देणाऱ्या) मांडणीवर कॅमेरा तसाच जोडला, तर तो त्याच क्षणी जळाला. असे का होते?

उत्तर : दोन्ही घटनांचे मूळ एकच आहे. रुळांतली वीज इंजिनासाठी बेतलेली असते आणि कॅमेऱ्याला लागणारी वीज तिच्याहून वेगळी असते.

डीसी पद्धतीत वेग कमी करणे म्हणजे रुळांतला दाब कमी करणे. पूर्ण वेगाला १२ व्होल्ट असतील, तर स्थानकात शिरताना ४–५ व्होल्टच उरतात. गाडी उलट चालवली की ध्रुवही उलटतात, म्हणून मध्ये ब्रिज रेक्टिफायर, म्हणजे ध्रुव कसेही आले तरी दिशा एकच ठेवणारा चार डायोडांचा जोड, लावावा लागतो आणि तो साध्या डायोडांचा असेल तर स्वतःच सुमारे १.४ व्होल्ट खातो. पुढे ७८०५ सारखा पाच व्होल्टांचा रेग्युलेटर असेल तर त्याला आणखी दोनेक व्होल्ट वर लागतात. म्हणजे रुळांत साडेआठ व्होल्ट असल्याशिवाय कॅमेऱ्याला त्याचे पाच व्होल्ट मिळत नाहीत. जिथे फलाट, माणसे, सांधे (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर जाते त्या जागा) असे बघण्यासारखे सगळे असते आणि म्हणून आपण गाडी हळू करतो, नेमका तिथेच पडदा काळा होतो. डीसी मांडणीवर रुळांतून वीज घेण्याचा नाद सोडावा आणि वाघिणीत (मालडब्यात) स्वतंत्र बॅटरी ठेवावी, असे माझे स्पष्ट मत आहे. एका पेशीची लिथियम पॉलिमर बॅटरी ३.७ व्होल्टांची म्हणून विकली जाते आणि पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्ट देते. ड्रोनवरचे बरेच छोटे कॅमेरे तिच्यावर थेट चालतात, तरी आपल्या कॅमेऱ्यावर लिहिलेली मर्यादा पाहूनच जोडावी. कॅमेरा आणि प्रक्षेपक मिळून ३०० मिलिअँपिअर घेत असतील, तर ३०० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी कागदावर एक तास आणि व्यवहारात पाऊण तास चालते. चौकोनी ९ व्होल्टांची बॅटरी काही जुन्या संचांबरोबर येते, पण तिला एवढा प्रवाह फार वेळ पेलवत नाही.

आता आपल्या मित्राविषयी. डीसीसीमध्ये रुळांत दाब सतत पूर्ण असतो, एचओमध्ये साधारण १४–१५ व्होल्ट, आणि त्याची दिशा सेकंदात हजारो वेळा बदलत असते. ‘एक’ या अंकाचा अर्धा ठोका ५८ मायक्रोसेकंदांचा आणि ‘शून्य’चा त्याहून लांब, अशी ती भाषा आहे. पाच व्होल्टांच्या कॅमेऱ्याला हे उलटसुलट १५ व्होल्ट थेट दिल्यावर तो वाचण्याची आशाच नव्हती. मात्र दाब नेहमी पूर्ण असल्यामुळे डीसीसीवर रुळांतून वीज घेणे शक्य आहे, फक्त मधली साखळी नीट हवी. प्रथम जलद डायोडांचा ब्रिज, मग २५ व्होल्टांचा कपॅसिटर, मग दाब उतरवणारा बक कन्व्हर्टर आणि शेवटी एक छोटे वेटोळे व कपॅसिटर यांची गाळणी, असा क्रम ठेवावा. बकऐवजी ७८०५ लावण्याचा मोह अनेकांना होतो, पण उरलेले साडेआठ व्होल्ट ३०० मिलिअँपिअर प्रवाहाला गुणून पाहिले तर अडीच वॅटपेक्षा जास्त उष्णता त्या बंद प्लॅस्टिकच्या डब्यात साठत राहणार, हे लक्षात येईल. त्या उष्णतेने छत वाकलेला एक डबा मी पाहिला आहे. आणखी एक सूचना अशी की ब्रिजनंतरची ऋण तार कोणत्याच रुळाशी जोडलेली नसते. कॅमेऱ्याचे धातूचे कवच किंवा अँटेनाचे बूड इंजिनाच्या धातूच्या सांगाड्याला टेकले, तर त्याच वेळी शॉर्टसर्किट होते, म्हणून दोन्हींमध्ये कॅप्टॉन टेप (वीजरोधक चिकटपट्टी) किंवा प्लॅस्टिकची चकती असावी.

कपॅसिटर मोठा घातला की सांध्यांवरचे निर्जीव तुकडे पार होतील, असा समज आहे. हिशेब निराळे सांगतो. दीड वॅटच्या संचाला १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर सेकंदाच्या सुमारे तिसाव्या भागापुरता तारतो, तेवढ्या वेळात ताशी ६० च्या प्रमाणात धावणारी एचओ गाडी साडेसहा मिलिमीटरच सरकते. खरा उपाय वाघिणीच्या आठही चाकांतून वीज घेण्याचा आहे. धातूची चाके, त्यांच्या पाठीला हलकेच टेकणाऱ्या फॉस्फर ब्रॉंझच्या पट्ट्या आणि स्वच्छ रूळ एवढे झाले की कपॅसिटरवर फारसा भार राहत नाही. तो लावताना भरण्याच्या मार्गात सुमारे १०० ओहमचा रोधक आणि परतीच्या मार्गात डायोड घालावा, नाहीतर वीज सुरू करताच तो एवढा प्रवाह ओढतो की रुळांना वीज पुरवणारा बूस्टर शॉर्टसर्किट समजून बंद पडतो.

प्रश्न : कॅमेरा बॅटरीवर चालतो, तरी मोटर फिरू लागली की चित्रात आडवे पट्टे येतात. शिवाय मांडणीच्या एका ठरावीक जागी, नेहमी तिथेच, चित्र तुटते. कॅमेरा बदलून पाहिला, तरी जागा तीच.

उत्तर : हे दोन वेगळे आजार आहेत. मोटरच्या कम्युटेटरवर ब्रश घासताना ठिणग्या पडतात आणि प्रत्येक ठिणगी हा एक छोटा, बेशिस्त प्रक्षेपकच असतो. ब्रश झिजले असतील किंवा कम्युटेटर काळा पडला असेल तर आधी तो साफ करावा. त्यानंतरही पट्टे राहिले, तर मोटरच्या दोन टोकांमध्ये ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर लावण्याचा जुना उपाय आहे, पण तो डीसी इंजिनांसाठीच करावा. इंजिनातला आज्ञा वाचणारा डीसीसी डिकोडर मोटरकडून येणारा उलट दाब मोजून वेग सांभाळतो आणि हा कपॅसिटर त्या मोजणीत ढवळाढवळ करतो. सर्वांत सोपा मार्ग म्हणजे कॅमेरा इंजिनात न ठेवता इंजिनापुढच्या वाघिणीत ठेवणे. पंधरा सेंटिमीटरच्या अंतरानेही बराच फरक पडतो.

ठरावीक जागी चित्र तुटण्यामागे परावर्तन आहे. कॅमेऱ्याची लहर रिसीव्हरकडे सरळ जाते, तशी भिंतीवरून, लोखंडी कपाटावरून आणि टेबलाच्या पायांवरूनही उसळून जाते. एखाद्या जागी सरळ आलेली आणि उसळलेली लहर एकमेकींना खोडतात आणि तिथे चित्र मरते. ५.८ गिगाहर्ट्‌झच्या लहरीची लांबी ५.२ सेंटिमीटर असल्यामुळे ही मेलेली जागाही काही सेंटिमीटरचीच असते. कॅमेरा बदलून ती हलत नाही, पण रिसीव्हर चार बोटे सरकवला की हलते. ती एखाद्या बोगद्यामागे किंवा टेकडीआड ढकलता आली, तर प्रश्न मिटल्यासारखाच आहे. दोन अँटेनांतून चांगला संदेश निवडणारा रिसीव्हर मिळाला तर अधिक बरे. त्याखेरीज वर्तुळाकार ध्रुवीकरणाच्या, दिसायला अळंबीसारख्या अँटेना वापरता येतात. परावर्तन झाले की त्यांच्या लहरीची फिरकी उलटते आणि रिसीव्हर ती उलटी लहर बरीचशी नाकारतो. मात्र दोन्ही टोकांच्या अँटेना एकाच फिरकीच्या हव्यात, एक डावी आणि एक उजवी लावून मग चित्र येत नाही म्हणून हैराण झालेले लोक कमी नाहीत.

रिसीव्हर मांडणीच्या मध्यावर, शक्य तितका उंच टांगावा. टेबलाच्या कडेला ठेवला की बघायला जमलेली मंडळी मध्ये उभी राहतात आणि माणसाच्या शरीरातले पाणी या लहरी मुकाट्याने शोषून घेते.

प्रश्न : लांबची भिंत स्पष्ट दिसते आणि समोरचे रूळ धुरकट. भिंगात दोष आहे का?

उत्तर : दोष नाही. कारखान्यात भिंग दूरच्या दृश्यासाठी बसवून त्याच्या आट्यांवर गोंदाचा थेंब सोडलेला असतो. आपल्याला बघायचे असते ते २०–४० सेंटिमीटरवरचे जग, कारण एचओमध्ये ३० सेंटिमीटर म्हणजे खऱ्या रुळांवरचे सव्वीस मीटर.

तो गोंद धारदार पात्याने हलकेच खरवडावा, कॅमेरा चालू ठेवून ३० सेंटिमीटरवर छापील कागद उभा करावा आणि पडद्याकडे बघत भिंग डावीकडे, म्हणजे बाहेरच्या दिशेने फिरवावे. किती फिरवायचे, याचा अंदाज असलेला बरा. भिंगाची फोकल लेंथ ३ मिलिमीटर असेल, तर ते फक्त ०.०३ मिलिमीटर बाहेर यायला हवे. दोन आट्यांमधले अंतर अर्धा मिलिमीटर धरले, तर ही हालचाल पुऱ्या फेऱ्याच्या सोळाव्या भागाएवढी होते. घड्याळाच्या तबकडीवर चार मिनिटांत मिनिटकाटा जेवढा सरकतो, तेवढीच. बहुतेक जण भिंग अर्धा फेरा फिरवतात, सगळेच धुरकट झालेले पाहतात आणि कॅमेरा बिघडला असे समजतात. जुळल्यावर पारदर्शक नेलपॉलिशचा एक थेंब पुरतो. सायनोअ‍ॅक्रिलेट गोंद मात्र वापरू नये, त्याची वाफ भिंगावर पांढरा थर धरते.

प्रश्न : मी नववीत आहे. माझ्याकडे एन प्रमाणातली गाडी आहे. तिच्यात कॅमेरा मावेल का आणि तो किती उंचीवर बसवू?

उत्तर : मावतो, पण नेटकेपणाने काम करावे लागेल. तुझे प्रमाण १:१६० आहे असे धरतो (जपानी गाड्या बहुधा १:१५० आणि ब्रिटिश १:१४८ असतात). तीन मीटर रुंदीचा खरा डबा तुझ्याकडे पावणेएकोणीस मिलिमीटरचा होतो. ड्रोनचा अगदी लहान जातीचा कॅमेरा १४ मिलिमीटर रुंद असतो, म्हणजे डब्याच्या भिंती पातळ असतील तर तो आत बसतो. तुझ्या गाडीच्या जगात मात्र ती सव्वादोन मीटर रुंदीची पेटी आहे! म्हणून ती इंजिनात कोंबू नकोस. उघड्या चपट्या वाघिणीवर कॅमेरा बसव आणि बॅटरी मागच्या बंद वाघिणीत ठेव. दोन वाघिणींमधली तार अगदी मऊ आणि थोडी सैल असू दे. कडक तार वळणावर वाघिणीला रुळांवरून अलगद उचलते आणि दोष उगाच रुळांच्या माथी जातो.

चालकाचे डोळे रुळांपासून अडीच ते तीन मीटर उंचीवर असतात. एन प्रमाणात ते १६ ते १९ मिलिमीटर होतात, एचओमध्ये २९ ते ३४. भिंगाचा मध्य त्या उंचीवर आण आणि कॅमेरा किंचित, पाच अंशांएवढा, खाली झुकव. तो सरळ ठेवलास तर निम्म्या पडद्यावर खोलीचे छत आणि वरून डोकावणारा तुझाच राक्षसाएवढा चेहरा दिसेल. फार रुंद कोनाचे भिंग घेऊ नकोस. १५० अंशांच्या भिंगात सरळ रूळही ढोलासारखे फुगलेले दिसतात, ७० ते ९० अंशांचे भिंग पुरेसे आहे. पहिल्यांदा गाडी सोडण्याआधी वाघिणीच्या बाह्यरेषेएवढा पुठ्ठा कापून तो सगळ्या बोगद्यांतून आणि फलाटांजवळून ढकलत ने. तो कुठे अडला तर कॅमेराही तिथेच अडेल.

प्रश्न : कॅमेऱ्याची वाघीण इंजिनापुढे ढकलत नेताना सांध्यांवर हमखास घसरते. मागून ओढली तर घसरत नाही. तसेच वळणावर कॅमेरा रुळांऐवजी बाहेरच्या झाडीकडे बघतो. दोन्हींवर उपाय सुचवावा.

उत्तर : ओढताना कपलिंग ताणले जाते आणि वाघीण आपोआप रुळांच्या दिशेत राहते. ढकलताना तिला तिरके होण्याची मुभा मिळते, आणि हलकी वाघीण ही मुभा लगेच घेते. अमेरिकेच्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनची वजनाविषयीची शिफारस इथे उपयोगी आहे. एचओ डब्यासाठी सुरुवातीचा एक औंस आणि लांबीच्या प्रत्येक इंचामागे अर्धा औंस, एन डब्यासाठी अर्धा औंस आणि प्रत्येक इंचामागे ०.१५ औंस. या हिशेबाने सहा इंची एचओ वाघीण चार औंसांची, म्हणजे ११३ ग्रॅमची हवी. कॅमेरा चार-पाच ग्रॅमचा आणि छोटी बॅटरी दहाएक ग्रॅमची असते, त्यामुळे अशी वाघीण अनेकदा निम्म्या वजनाचीही नसते. उरलेले वजन शिशाच्या किंवा पोलादाच्या पट्ट्यांनी भरावे आणि ते तळाशी, दोन्ही बोगींवर (डब्याखालच्या फिरत्या चाकगाड्यांवर) सारखे वाटून ठेवावे. शिसे हाताळल्यावर हात धुवावेत. कपलिंग बोगीवर असेल तर ते काढून डब्याच्या सांगाड्यावर बसवावे, कारण बोगीवरचे कपलिंग ढकलताना बोगीलाच पिळते. चाकांमधले अंतर गेजने तपासावे. वळणाची त्रिज्या सर्वांत लांब डब्याच्या तिप्पट तरी असावी, हा जुना अडाखा ढकलगाडीला तर काटेकोरपणे लागू होतो.

आपल्या दुसऱ्या प्रश्नात भूमितीची गंमत आहे. लांब डबा वळणावर दोन बोगींना जोडणाऱ्या सरळ रेषेत उभा राहतो, आणि पुढच्या बोगीखालचा रूळ तोवर आतल्या बाजूला वळलेला असतो. बोगींमधले अंतर १५० मिलिमीटर आणि वळणाची त्रिज्या ४५० मिलिमीटर असेल, तर कॅमेरा रुळाच्या दिशेपेक्षा साडेनऊ अंशांहून थोडा अधिक बाहेर रोखलेला असतो. त्याच वळणावर ६० मिलिमीटर चाकअंतराच्या चारचाकी वाघिणीत हाच फरक चार अंशांच्याही आत येतो. म्हणून कॅमेऱ्यासाठी आखूड वाघीण निवडावी. कॅमेरा थेट बोगीवर बसवून पाहण्याचा प्रयोग मी केला आहे. नजर रुळांवर खिळून राहते हे खरे, पण रुळांच्या प्रत्येक जोडाचा धक्का थेट भिंगाला बसतो. या कॅमेऱ्यांचे संवेदक चित्राच्या ओळी एकामागून एक वाचतात, त्यामुळे धक्क्यासरशी सारे दृश्य जेलीसारखे लवलवते. कॅमेऱ्याखाली दोन-तीन मिलिमीटरचा मऊ फोम घातल्यावर ते कमी झाले, थांबले नाही.

प्रश्न : बोगद्यात शिरताच चित्र जाते आणि बाहेर पडताना काही क्षण सारे पांढरे दिसते.

उत्तर : आपला डोंगर बहुधा तारेच्या जाळीवर प्लॅस्टर थापून केलेला असावा. जाळीची भोके लहरीच्या लांबीपेक्षा पुष्कळ लहान असली की ती जाळी लहरींपुढे पत्र्यासारखीच वागते. थर्मोकोल, लाकूड आणि नुसते प्लॅस्टर यांतून संदेश बराचसा जातो. डोंगर मोडायचा नसेल तर बोगद्याच्या मागच्या, न दिसणाऱ्या बाजूने जाळीत तळहाताएवढी खिडकी कापावी आणि रिसीव्हरची एक अँटेना तिच्यासमोर आणावी.

पांढरेपणा येतो तो कॅमेऱ्याच्या स्वयंचलित प्रकाशनियंत्रणामुळे. अंधारात ते पूर्ण उघडते आणि बाहेर आल्यावर सावरायला त्याला वेळ लागतो. खऱ्या चालकाचेही डोळे दिपतात, म्हणून मी हे तसेच ठेवले आहे. मात्र बोगद्याच्या तोंडापासून आत वीतभर भिंतींना काळा रंग जरूर द्यावा, नाहीतर कॅमेरा आतले प्लायवुड आणि तारांची भेंडोळी इमानेइतबारे दाखवतो.

प्रश्न : पडद्यावर काळ्या पट्ट्या वर-खाली सरकतात. बॅटरी नवी आहे.

उत्तर : खोलीतले दिवे पाहा. एलईडी पट्ट्यांचा उजेड कमी करणारे साधे नियंत्रक त्या वेगाने चालू-बंद करतात, डोळ्याला ते दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसते. पट्ट्या पूर्ण उजेडावर लावून पाहाव्यात. ५० हर्ट्‌झच्या विजेवरचे काही दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. कॅमेऱ्यात ५० आणि ६० हर्ट्‌झ असा पर्याय असेल तर तो आपल्या विजेप्रमाणे ठेवावा.

प्रश्न : मुलाच्या कॅमेरा-वाघिणीतली बॅटरी उशीसारखी फुगली आहे. अजून चालते, तर वापरू द्यावी का?

उत्तर : नाही, ताई. ती आजच बाहेर काढावी, टोचू किंवा दाबू नये, धातूच्या वस्तूंपासून आणि उन्हापासून दूर ठेवावी आणि इलेक्ट्रॉनिक कचरा घेणाऱ्या केंद्रात द्यावी. फुगण्याचे कारण बहुधा असे की गाडी ठेवून देताना कॅमेरा चालूच राहिला आणि पेशी ३ व्होल्टांच्या खाली उतरली. पुढची बॅटरी संरक्षक सर्किट असलेली घ्यावी, वाघिणीच्या पोटाखाली बोटाने सरकवता येईल असा छोटा खटका बसवावा आणि चार्जिंग कोणीतरी जागे असतानाच, वाघिणीतून बाहेर काढून करावे.

प्रश्न : माझे चित्र शेजाऱ्याला दिसू शकते का?

उत्तर : अ‍ॅनालॉग प्रक्षेपणाला कुलूप नसते. त्याच वाहिनीवरचा रिसीव्हर पल्ल्यात असेल तर त्यालाही ते दिसते, म्हणून काम झाल्यावर वीज बंद करावी. वाय-फाय कॅमेऱ्याचा मूळ पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा.

प्रश्न : माझी एचओ गाडी बाहेरून पाहताना संथ वाटते, पण कॅमेऱ्यातून ती विमानासारखी सुटलेली दिसते. रुळांखालचे स्लीपर तर कधी स्थिर, कधी चक्क उलटे सरकताना दिसतात. वेग नेमका किती ठेवावा?

उत्तर : बाहेरून पाहताना आपण महाकाय असतो, त्यामुळे सगळेच संथ वाटते, आणि भिंग रुळांपासून ३ सेंटिमीटरवर आले की तोच वेग अंगावर येतो. डोळ्यांच्या अंदाजावर न जाता मोजावे. रुळांशेजारी एक मीटर अंतरावर दोन खुणा कराव्यात. ताशी ६० च्या प्रमाणातल्या वेगाला एचओ गाडीने ते अंतर ५.२ सेकंदांत कापायला हवे, ताशी १०० ला ३.१ सेकंदांत. एन गाडीला ताशी ६० साठी ९.६ सेकंद लागतात. मोजून पाहिलेले बहुतेक जण आपली मालगाडी एक्सप्रेसच्या वेगाने धावत होती, असे कळवतात.

स्लीपरांचे कोडे याच आकड्यांतून सुटते. खऱ्या मार्गावर स्लीपर साधारण ६० सेंटिमीटरवर असतात, एचओमध्ये ते अंतर ६.९ मिलिमीटर होते. सेकंदाला ३० चित्रे घेणारा कॅमेरा ताशी ६० च्या वेगाला दोन चित्रांमध्ये ६.४ मिलिमीटर पुढे जातो, म्हणजे पुढचा स्लीपर मागच्याच्या जागेवर येता येता अर्धा मिलिमीटर कमी पडतो. डोळा त्याला तोच स्लीपर समजतो आणि तो हळूहळू आपल्यापासून दूर जात आहे, असा भास होतो. ताशी ६५ ला तो जागीच उभा राहील. शिवाय उजेड कमी असेल आणि कॅमेऱ्याचे शटर सेकंदाच्या तिसाव्या भागापर्यंत उघडे राहत असेल, तर तेवढ्यात एक स्लीपर जवळजवळ पुढच्यापर्यंत ओढला जातो आणि रुळांखाली सलग तपकिरी पट्टा दिसतो. मांडणीवरचा उजेड वाढवा म्हणजे शटर लवकर मिटेल आणि स्लीपर सुटे दिसतील, आणि गाडी ताशी ३० च्या आसपास ठेवली तर ते उलटेही सरकणार नाहीत. त्या वेगाला एका मीटरला सुमारे साडेदहा सेकंद लागतात.